लाल शाईतली शी

रेवा, परवा व्हिडिओ कॉलवर तू मला तुझी वही दाखवलीस. पानाच्या डोक्यावर एक ओळ होती, 'सुरुवातीच्या सगळ्या अटी शून्य धरून', आणि खाली एकदम उत्तर. मधे काही नाही. मी विचारलं, शून्य का धरायच्या? तू खांदे उडवलेस. "आजी, धरायच्याच असतात. सगळे तसंच करतात." मागून तुझा भाऊ अनुज ओरडला की आजीला लाप्लासचं गणित कुठून माहीत!

मला लाप्लास येत नाही. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. पण तुझी ती ओळ वाचताना तिच्या बाजूला लाल शाईने काय लिहिलं गेलं असतं ते मला स्पष्ट दिसलं. शी. एवढंच, आणि पुढे टिंब. ते लिहिणारा माणूस तुम्हाला सांगावा म्हणून बसले आहे. गोष्ट चांगली नाही. ती आठवली की अजून माझ्या तोंडाला कडवट चव येते, आणि त्यातली थोडी चव माझी स्वतःची आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी पाच वर्षं परभणीच्या बाहेर एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना इंग्रजी बोलायला आणि पत्रं लिहायला शिकवत होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ते अजून चालू आहे आणि तुमच्या आईला माहीत आहे. इंग्रजीला वेगळी खोली नव्हती, म्हणून मला इन्स्ट्रुमेंटेशनच्या स्टाफरूममधे एका मोठ्या टेबलाची अर्धी बाजू मिळाली. उरलेल्या अर्ध्या बाजूला ढगे सर बसत.

माणिकराव ढगे. गाव बोरी. वय तेव्हा पन्नासच्या आत-बाहेर. पहिल्या दिवशी मी टेबल ओल्या फडक्याने पुसलं, कोरडं केलं, त्यावर इस्त्रीचं कापड अंथरलं आणि खुर्चीत बसले, तर समोरून एक शेंगदाण्याचं टरफल घरंगळत माझ्या बाजूला आलं. मी ते उचलून परत त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी मान वर न करता ते फुंकून खाली पाडलं. माझी त्यांची ओळख ही अशी झाली.

तुम्हाला माहीत आहे, मला घाण सहन होत नाही. ढगे सरांची घाण एका प्रकारची नव्हती. त्यांच्या खणात टरफलं असत, आणि टरफलांत पेपर. फळा ते शर्टाच्या बाहीने पुसत. खडूने कान खाजवत आणि त्याच खडूने लिहीत. बारा महिने सर्दी. दुपारी वर्तमानपत्रावर भाकरी आणि ठेचा, आणि ठेच्याचं तेल बोटाला तसंच असताना तपासायचे गठ्ठे पुढ्यात ओढत. मुलांना ज्या उत्तरपत्रिका परत मिळत त्यांना लसणाचा वास असे. माझ्या बाटलीतलं पाणी ते विचारून पीत, तोंड न लावता वरून ओतून, पण अर्धं पाणी हनुवटीवरून माझ्या कापडावर. मी टेबलाच्या मधोमध एक लाकडी पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच पट्टी पाठ खाजवायला घेतली.

"मॅडम, लय कामाची वस्तू आणली तुमी," म्हणाले.

मी घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगे की हा माणूस अंगावर काटा आणतो. ते म्हणत, जागा बदलून घे. मी तसा अर्जही लिहिला होता, दोन प्रतींत. तो दिला नाही, कारण मधल्या काळात मी त्यांचा गठ्ठा पाहिला.

झालं असं की एका दुपारी त्यांचे तपासलेले पेपर पंख्याने उडाले आणि मी गोळा करायला लागले. प्रत्येक पानावर लाल शाईने जागोजागी 'शी' लिहिलेलं. चूक म्हणून फुली मारलेली नाही. उत्तर बरोबर होतं तिथेही शी. मी विचारलं, उत्तर बरोबर असताना हे काय?

"उत्तर बरोबर हाय, पण ते त्याचं न्हाई," ते म्हणाले. "ही बगा ही ओळ. हिच्यातून ही ओळ निघत न्हाई. मधी काय झालं त्याला म्हाईत न्हाई. कुटून तरी उचलून ठिवलंय. मला मळमळतं, मॅडम. दुसऱ्याच्या ताटातला घास तोंडात घातल्यावानी."

ज्याच्या बाहीला पहिल्या तासाचा खडू, दुसऱ्या तासाचा खडू आणि ठेचा असे तीन थर होते, तो माणूस एका न मिळवलेल्या ओळीची किळस येते म्हणून सांगत होता. मी हसले असते, पण त्याचा चेहरा खरंच मळमळल्यासारखा झाला होता.

पोरं अर्थातच त्या शब्दाचा दुसरा अर्थ घेत. कॉरिडॉरमधून ऐकू येई, "तुझ्या पेपरात सरांनी किती ठिकाणी शी केली?" "पाच." "माझ्या तर पानभर, भौ, नाक धरून वाचावं लागतं." प्राचार्यांकडे तक्रार गेली. ढगे सरांना बोलावून समज दिली की अध्यापकाला शोभेल असा शब्द वापरा. ते परत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमी इंग्रजीच्या. शीला शोभंल असा शब्द सांगा." मी बराच विचार केला. शेवटी सांगितलं की नाही असा शब्द. ते खूश झाले. आमच्यात मैत्री म्हणावी असं काही झालं असेल तर ते त्या दिवसापासून.

आता लाप्लास म्हणजे काय ते मला त्यांच्याकडून समजलं तेवढं सांगते. चुकलं तर तू दुरुस्त कर. एखादी वस्तू हलते, तापते, भरते, रिकामी होते. ती किती वेगाने बदलते आहे ते सांगणारं समीकरण मांडता येतं, पण सोडवायला किचकट. लाप्लासची युक्ती अशी की 'बदलण्याचा वेग' जिथे असेल तिथे एस या अक्षराने गुणायचं आणि वस्तू सुरुवातीला जिथे होती तेवढं वजा करायचं. मग सगळं आठवीतल्या बीजगणितासारखं सरळ होतं. बाहेर काय आलं भागिले आत काय दिलं, असा जो अपूर्णांक मिळतो तो ट्रान्स्फर फंक्शन.

माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून होता आणि भिंत वरपर्यंत नव्हती. माझी मुलं अर्ज लिहीत असताना पलीकडून ढगे सर ऐकू येत.

"शून्य धरा म्हणं! कुणाची सुरवात शून्य असती रे? तू सकाळी इथं आलास तवा शून्यावर व्हतास का? जीपच्या मागं लटकून आलास, घाम गळायलाय, पोटात काय न्हाई. ही तुजी इनिशियल कंडिशन. ती आधी लिही. वजा कर. मग माज्यासमोर खोड, आन खोडताना सांग की कामून खोडायलास."

"कामून खोडायचं सर मग? राहू द्या की."

"कारण आपल्याला यंत्राचा सोभाव पायजे. आज ते कुटून निघालं ते न्हाई. दणका बसला तर कसं वागंल, ते. मागचं बाजूला ठिवायचं म्हंजे मागचं नव्हतंच म्हणायचं न्हाई. समजलं का?"

 अलीकडे माझ्या मुलांनी अर्ज लिहायचे थांबवलेले. मीही.

साधारण तिसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या हजेरीपटावर स्कूटरचा शॉकअप आणून ठेवला. गॅरेजमधून आणलेला, तेल गळणारा. पुठ्ठ्यावर काळा वर्तुळाकार डाग पडला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही. मी ओरडले. ते म्हणाले, "दाबा मॅडम, वरचं टोक धरा." मी दोन बोटांनी धरलं. त्यांनी खालचं टोक हळूहळू वर ढकललं. माझा हात जागेवर राहिला. मग त्यांनी खालून एकदम दणका दिला आणि माझा हात उडाला.

"कळलं?"

"माझी साडी खराब झाली हे कळलं."

"रस्ता हळू चढला तर शॉकअप गप बसतो. रस्ता एकदम उसळला तर शॉकअप तो दणका वर पोचवतो. त्याला गाडीचा वेग कळत न्हाई, रस्त्याचा बी कळत न्हाई. दोघांतला फरक कळतो. म्हून समीकरणात दोघं पायजेत. आन आता हे बगा."

त्यांनी एक गाईड उघडलं. ते गाईड आमच्या विभागप्रमुखांनी, साळुंके सरांनी लिहिलेलं होतं आणि जिल्ह्यातली सगळी मुलं त्यावरच अभ्यास करत. त्यात खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसचं उदाहरण सोडवलेलं होतं. खाली स्प्रिंग, शॉकअप, वर बसचं वजन. रस्ता वरखाली झाला तर बस किती वरखाली होईल त्याचं ट्रान्स्फर फंक्शन. अपूर्णांकाच्या खाली स्प्रिंगही होती, शॉकअपही होता. वर मात्र नुसती स्प्रिंग. रस्त्याकडून शॉकअपमधून वर येणारा दणका गायब.

मला गणित येत नाही, पण माझा हात मघाशी उडाला होता, म्हणून मला ते दिसलं.

"छपाईची चूक असेल," मी म्हटलं.

"न्हाई. आधीच्या ओळी बी तशाच हायेत. कुटून तरी उचललंय." आणि त्यांनी त्या छापील पानावर, विभागप्रमुखांच्या पुस्तकात, लाल शाईने तो शब्द लिहिला.

साळुंके सर स्वच्छ माणूस. रोज पांढरा शर्ट, रुमालाची घडी, हाताला अत्तर, टेबलावर एक कागद नाही. मला त्यांच्या केबिनमधे बसायला आवडे. ढगे सरांनी मीटिंगमधे सगळ्यांसमोर त्यांना ते पान दाखवलं.

"सर, तुमच्या गाईडातल्या बसचा शॉकअप आभाळाला टांगलाय. खालचं टोक रस्त्याला लागतच न्हाई."

साळुंके सरांनी पान पाहिलं, लाल शब्द पाहिला, आणि हसून म्हणाले, "आडनाव तुमचं ढगे, अन् आभाळाची तक्रार आमच्याकडं?"

सगळे खदखदून हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.

"किती वर्षं झाली पोरं यावर पास होऊ लागलीत, ढगे सर. खामखा मामला वाढवू नका. पुढच्या आवृत्तीत बघू."

पुढची आवृत्ती आली. मुखपृष्ठ बदललं होतं.

त्याच वर्षी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कांचन खंदारे नावाची मुलगी होती. चारठाण्याची. दिसायला बारकी, बोलायला फटकळ, ढगे सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर. तिच्या पेपरात शी सगळ्यात कमी, आणि एकदा जी एक आली त्यावर ती स्टाफरूममधे येऊन भांडली होती. "सर, ही ओळ माझीच आहे. मी कच्च्या पानावर केलीय. हे बघा कच्चं पान." सरांनी कच्चं पान पाहिलं, शी खोडली, आणि खोडल्यावर बाजूला सही केली. मी त्यांना दुसऱ्या कुणासाठी असं करताना पाहिलं नाही.

आदल्या वर्षी तिला कावीळ झाली होती आणि दोन विषय राहिले होते. आणखी एक राहिला तर पुढच्या वर्षात प्रवेश नाही, वर्षभर घरी. पोरं त्याला वायडी म्हणतात. घरून तिच्या आजोबांनी तिला एका अटीवर हॉस्टेलला सोडलं होतं, एकही वर्ष वाया जाता कामा नये. गेलं की सामान घेऊन परत. तिच्या पाठची बहीण बारावीला होती आणि ताई कुठवर जाते याकडे डोळे लावून बसली होती. हे मला माहीत होतं, कारण मी मुलांना घरी पत्र लिहा असा स्वाध्याय दिला होता आणि तिने खरंच घरी लिहितात तसं पत्र लिहिलं होतं.

विद्यापीठाच्या परीक्षेत बसचं ते उदाहरण आलं. आकड्यांसकट, गाईडातल्यासारखंच. पेपर काढणाऱ्यांत साळुंके सर होते. नमुना उत्तर गाईडातलं. वर्गातल्या सगळ्यांनी गाईडातलं लिहिलं आणि पूर्ण मार्क घेतले. कांचनने समीकरण मांडलं, सुरुवातीच्या अटी लिहिल्या, वजा केल्या, कारण देऊन खोडल्या आणि बरोबर उत्तर काढलं. तिला आकृतीचा एक मार्क मिळाला. विषयात ती चार मार्कांनी नापास झाली.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते. ती आली तेव्हा ढगे सरांनी टेबलावरची टरफलं हाताने खाली लोटली, माझ्याकडे फडकं मागितलं, टेबल पुसलं आणि मग ती पानं ठेवली. दोनदा वाचली. मी वाट बघत होते. त्यांनी कुठेही काही लिहिलं नाही.

"एक ओळ चुकली न्हाई," म्हणाले. "एक न्हाई, मॅडम."

फेरतपासणीसाठी विषयाच्या शिक्षकाचं मत जोडावं लागतं. त्यांनी सात पानं लिहिली. नमुना उत्तर चूक आहे, का चूक आहे, शॉकअपची दोन टोकं कुठे असतात, सगळं. मी ते शुद्ध इंग्रजीत आणलं. तिथपर्यंत माझे हात स्वच्छ होते.

आठवड्याभराने साळुंके सरांनी आम्हा दोघांना केबिनमधे बोलावलं. मला का, ते मला कळेना. चहा आला.

"ढगे सर, मी बोललोय वर," ते म्हणाले. "पोरीची फिकर तुम्हाला तशी मला. त्या प्रश्नात ज्यांचे मार्क गेले त्या सगळ्या पोरांना पाच मार्क वाढवून मिळतील. आकृती अस्पष्ट होती म्हणून. पोरगी पास. वर्ष वाचलं."

"आकृती अस्पष्ट न्हवती," ढगे सर म्हणाले.

"होती म्हणायचं. फक्त तुमचं हे सात पानांचं मागं घ्या. एक पत्र द्या की उत्तर बरोबर आहे, आकृतीमुळे तुमचा गैरसमज झाला. तुमचा आक्षेप तसाच राहिला तर कमिटी बसेल. कमिटीला चार महिने लागतील. तोवर प्रवेश बंद होतील. तुम्ही जिंकाल हो, कदाचित. पोरगी चारठाण्याला बसून तुमचा सत्कार बघेल."

 ढगे सरांनी नाक पुसायला खिशातून रुमाल काढला आणि न पुसता परत ठेवला.

"मॅडम पत्र लिहितील," साळुंके सर माझ्याकडे वळले. "तुमचं इंग्रजी काय, एकदम नीट असतं."

मुलांनो, मी ते लिहिलं. कुणी माझा हात धरला नव्हता. मला वाटलं, एका मुलीचं वर्ष आहे, चार ओळींचं पत्र आहे. पहिल्या मसुद्यात मी 'चूक' असा शब्द घातला होता, ढगे सरांची चूक. तो मला कठोर वाटला, म्हणून खोडून 'आकृती वाचण्यात अनवधान' असं केलं. मला ती सुधारणा वाटली. मी परिच्छेद समान केले. समास सोडला. खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ आखली. आयुष्यात लिहिलेल्या पत्रांत ते सगळ्यात नीटनेटकं असेल. आज त्याची आठवण झाली की त्या टेबलावरची सगळी टरफलं आणि ठेचा मला गंगाजळासारखा वाटतो.

ढगे सरांनी ते सावकाश वाचलं. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागे.

"मॅडम, यात चूक न्हाई ना?"

"व्याकरणाची?"

"व्हय."

"नाही."

"एक बी?"

"एकही नाही."

त्यांनी माझं पेन मागितलं. स्वतःच्या खिशात लाल पेन होतं, पण पत्रावर निळी सही लागते. सही केली, पेन पुसून मला परत दिलं. पाच वर्षांत त्यांनी मला एकच वस्तू पुसून परत दिली, ती ही.

कांचन पास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममधे आली. मला वाटलं पाया पडायला आली. ती टेबलाशी उभी राहिली आणि मार्कलिस्ट पालथी ठेवली.

"सर, माझं उत्तर बरोबर होतं का चूक?"

"बरोबर हाय."

"मग ऑफिसातले कारकून काका म्हणाले ते खरं आहे? तुम्ही लिहून दिलं की ते गाईडातलं बरोबर?"

"बस माय, आधी बस."

"मी नाही बसत. तुम्ही सही केली?"

"केली."

"कामून?"

"तुजं वर्ष..."

"माझं वर्ष होतं ना सर? माझं. मग मला एकदा विचारायचं होतं. मी भांडले असते. आजोबाशी भांडले असते, एक वर्ष घरी शेण काढलं असतं. मी तिथं शून्य धरलं नव्हतं सर, तुम्ही शिकवलं तसं सगळं लिहून खोडलं होतं. आता मी पास कशानं झाले? आकृती अस्पष्ट होती म्हणून? मला आकृती दिसत होती!"

 मी मधे पडून म्हणाले, "कांचन, सरांनी तुझ्या भल्यासाठीच केलं."

ती माझ्याकडे वळली. तिला माहीत नव्हतं पत्र कुणी लिहिलं ते, आणि मी सांगितलंही नाही.

"मॅडम, तुम्ही यात पडू नका," ती म्हणाली. "तुमचं यात काही नाही."

मी गप्प बसले. याहून घाणेरडं मी कधी काही केलं असेल तर मला आठवत नाही.

कांचनने शेवटचं वर्ष पूर्ण केलं. त्या वर्षी ती ढगे सरांच्या वर्गात नव्हती आणि स्टाफरूमच्या दारावरून जाताना आत बघत नसे. पुढे ती पुण्याकडे कुठे नोकरीला लागली असं ऐकलं, आणि बहीणही शिकली. म्हणजे साळुंके सर म्हणाले तसंच झालं, वर्ष वाचलं. गाईडची नवी आवृत्ती आली तिच्यात त्या उदाहरणाखाली एक बारीक ओळ वाढली होती, हे उत्तर विद्यापीठाने ग्राह्य धरलेले आहे. ढगे सरांची सही त्यामागे होती आणि माझं इंग्रजी.

त्यांच्यात काय बदललं म्हणाल तर बाहेरून फारसं काही नाही. ठेचा तसाच, सर्दी तशीच. पण पेपर तपासताना ते आता नुसते मार्क देत. मी एकदा पाहिलं, एका मुलाने चार ओळी गाळून सरळ उत्तर लिहिलं होतं. त्यांचं पेन तिथे थांबलं, टोक कागदावर टेकलं, लाल ठिपका मोठा होत गेला. मग त्यांनी पूर्ण मार्क दिले आणि पान उलटलं.

मी कॉलेज सोडलं त्या महिन्यातली गोष्ट. माझा तास संपला होता आणि मी त्यांच्या वर्गाच्या दारावरून चालले होते. दार उघडं होतं. फळ्यावर बसचं उदाहरण होतं, आणि खाली दोन उत्तरं, एक डावीकडे, एक उजवीकडे. मी थांबले.

"हे डावीकडचं पेपरात लिहायचं," ते सांगत होते. "हे उजवीकडचं वहीत लिहून ठिवा."

पुढच्या बाकावर एक मुलगी होती. अक्षर सुंदर, पट्टीने आखलेली वही. माझ्याही वर्गात होती, हुशार, नम्र. तिने हात वर केला.

"सर, उजवीकडचं पेपरात येणार आहे का?"

"न्हाई."

"मग कशाला लिहायचं सर?"

कुणी हसलं नाही. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि साठ मुलं पेनं उचलून उत्तराची वाट बघत होती.

ढगे सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता ते बोलतील, भिंतीवरून ऐकू येई तसे. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग वर्गाकडे.

"डावीकडचं लिहा," म्हणाले.

माना खाली गेल्या. पेनं चालू लागली. ढगे सर फळ्याच्या उजव्या अर्ध्यापुढे जाऊन, त्याला पाठ लावून, सरळ उभे राहिले, म्हणजे ते बरोबर उत्तर चुकून कुणी उतरवून घेऊ नये.